कृपया रांगेत येऊन मार खावा

कुंगफूच्या पिक्चरमधल्या गुंडांइतकी शिस्तप्रिय माणसं जगाच्या पाठीवर दुसरीकडे सापडायची नाहीत. नायक एकटा, गुंड चाळीस. हातात काठ्या, सुऱ्या, साखळ्या, असेल नसेल ते. चाळिसांनी एकदम उडी घेतली तर नायकाचं भरीत व्हायला अर्धं मिनिट पुष्कळ झालं. पण नाही. आधी ते त्याच्याभोवती छान रिंगण धरतात. मग एक जण पुढे होतो, मार खातो, आडवा पडतो. मग दुसरा. उरलेले अडतीस जण जागच्या जागी झुलत, डोळे वटारत आपला नंबर यायची वाट बघतात. मधे घुसणं नाही, ‘मी आधी आलोय’ नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या समाजाने हा संयम कधी पाहिलेलाच नाही.

‘फिस्ट ऑफ फ्युरी’ (1972) घ्या. आपल्या लोकांना ‘आशियातले रोगट’ म्हणणारी पाटी कुणी पाठवली, याचा जाब विचारायला ब्रूस ली शांघायमधल्या जपानी आखाड्यात पाटी बगलेत मारून एकटा जातो. सगळा वर्ग हजर. हजेरीपटाप्रमाणे एकेकाला झोडपून झाल्यावर तो पाटीवरचा कागद फाडतो आणि दोघांना चावून खायला लावतो. पाट्यांचा एवढा जहाल प्रतिवाद पुण्यातही कुणी केलेला नाही.

या सिनेमांचे दोष मोजायला बसलं तर संध्याकाळ कमी पडेल. म्हणून मानकऱ्यापासून सुरुवात करू. पहिला मान कथेचा. गुरूला कुणीतरी मारतो, शिष्य त्याला मारतो. संपलं. फरक असलाच तर तपशिलाचा. गुरूला विष घातलं की पाठीत खंजीर, एवढाच. गुरू मरताना मारेकऱ्याचं नाव सांगायला लागतो आणि आडनावाशी येऊन प्राण सोडतो. आयुष्यभर श्वासाचे व्यायाम शिकवलेल्या माणसाला ऐन वेळी चार अक्षरांपुरता श्वास पुरू नये, हे त्याच्या शिकवणीबद्दल काही फार चांगलं बोलत नाही.

चांग चेह यांचा ‘वन-आर्म्ड स्वोर्ड्समन’ (1967) हा या पंथातला नावाजलेला सिनेमा. त्यात गुरूची मुलगी रागाच्या भरात नायकाचा उजवा हात छाटते. आपल्याकडे गुरुकन्या फार तर अबोला धरते. घायाळ नायकाला एक शेतकऱ्याची पोर वाचवते. तिच्याकडे वडिलांनी ठेवलेलं तलवारबाजीचं एक जुनं पुस्तक असतं. ते अर्धं जळलेलं असतं आणि जळायचं राहिलेलं अर्धं नेमकं डाव्या हाताचं असतं! आपल्या पुस्तकांची पानं गेली की परीक्षेला येणारीच जातात. पण हाँगकाँगच्या आगीलासुद्धा पटकथा वाचायला दिलेली असते.

‘द बिग बॉस’ (1971) मध्ये तर नायकाने मारामारी न करण्याचं आईला वचन दिलेलं. आठवण राहावी म्हणून गळ्यात एक लोलक. प्रेक्षक ब्रूस लीचा मार बघायला तिकीट काढून बसलेला, आणि ब्रूस ली मुठी आवळून लोलकाकडे बघतोय. थायलंडमधल्या बर्फाच्या कारखान्यात लाद्यांमधून हेरॉइन जातं, चुलतभाऊ एकामागून एक नाहीसे होतात, तरी मातृभक्ती ढळत नाही. शेवटी हाणामारीत कुणीतरी तो लोलक तोडतो आणि थिएटर सुटकेचा श्वास सोडतं. पुढे एक गुंड लाकडी भिंतीतून आरपार जातो, तेव्हा भिंतीला त्याच्या आकाराचं भोक पडतं. हातपाय पसरलेल्या माणसाचं स्वच्छ भोक. सुताराला मापं देऊनही असं काम मिळत नाही.

बंदुकीचं काय, असा प्रश्न कुणाही शहाण्या माणसाला पडेल. इतक्या कोलांट्या मारण्यापेक्षा एक गोळी घातली की विषय संपला. ‘एंटर द ड्रॅगन’ (1973) ने निदान हा प्रश्न स्वतःलाच विचारला. त्यातल्या खलनायकाच्या बेटावर बंदुकांना मज्जाव असतो. का, याचं उत्तर पटण्याइतकं पटतं आणि आपण पुढे सरकतो. बाकीच्या सिनेमांत बंदुकीचा शोध लागला असावा की नसावा, हे दिग्दर्शकाच्या त्या दिवशीच्या मर्जीवर असतं.

दुसरा मान आवाजाचा. हाँगकाँगमध्ये बरीच वर्षं शूटिंगच्या वेळी आवाज टिपतच नसत, तो मागाहून चढवत. एक नट कँटनीज बोले, दुसरा मँडरिन, आणि दोघांचं व्यवस्थित भांडण होई. मग त्यावर इंग्रजी चढे, इंग्रजीवर हिंदी. तोवर ओठांचा आणि शब्दांचा उरलासुरला संबंधही सुटलेला असे. ‘नहीं!’ एवढं बोलून आवाज थांबतो आणि ओठ पुढे अख्खा परिच्छेद म्हणत राहतात. कधी उलटं होतं. तोंड मिटलेलं आणि आतून धमकी चालू. टीव्हीवरच्या हिंदी डबिंगने तर कहर केला. शाओलिनचा पांढऱ्या भुवयांचा महंत टपोरी भाषेत ‘अपुन’ म्हणू लागला. ठोशांचे आवाज वेगळेच. नुसती बाही हलली तरी वादळ सुटतं आणि गालफडात बसली की कपाट कोसळल्यासारखा आवाज येतो. एवढा आवाज करणारा ठोसा खाऊन माणूस लगेच उठतो, ओठाच्या कोपऱ्यातलं रक्त अंगठ्याने पुसतो आणि हसतो. आपण दाराच्या चौकटीवर करंगळी आपटली तरी तासभर हसू शकत नाही.

तिसरा मान न्यूटनचा. ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ (2000) मध्ये दोन योद्धे बांबूच्या शेंड्यांवर उभे राहून तलवारबाजी करतात. या सिनेमाला चार ऑस्करं मिळाली, त्यामुळे तेव्हापासून उडण्याला कला म्हणायची सोय झाली. चिनी प्रेक्षकाला मात्र त्यात नवल नव्हतं. 1928 साली शांघायमध्ये ‘द बर्निंग ऑफ द रेड लोटस टेंपल’ नावाची मालिका निघाली, तेव्हापासून तिथले पडद्यावरचे तलवारबहाद्दर उडतायत. त्या सिनेमांचं वेड इतकं पसरलं की तिथल्या सरकारने अंधश्रद्धा पसरवतात म्हणून पुढे या प्रकारावर बंदी आणली. पोरं घर सोडून गुरूच्या शोधात डोंगरात जात, असंही सांगतात. आपल्याकडची पोरं घर सोडून मुंबईला येत. डोंगर तेवढे वेगळे.

चौथा दोष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ब्रूस ली 20 जुलै 1973 रोजी हाँगकाँगमध्ये गेला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. त्यानंतर धंद्याने जे केलं ते बघवत नाही. ब्रूस ली (जरा वेगळ्या स्पेलिंगचा), ब्रूस ले, ब्रूस लाय, ड्रॅगन ली असे नामसाधर्म्यवाले डझनाने निघाले. सगळ्यांच्या डोळ्यांवर तेच गॉगल आणि ओठांवर तीच किंकाळी. ‘आमची कुठेही शाखा नाही’ ही पाटी लावायला मूळ मालक हयात नव्हता. त्याचा अर्धवट राहिलेला ‘गेम ऑफ डेथ’ 1978 साली पुरा करून बाजारात आणला गेला. बदली नटाच्या आरशातल्या प्रतिबिंबावर लीच्या चेहऱ्याचं कापलेलं चित्र चिकटवलेलं त्यात सरळ दिसतं. त्याच्या खऱ्या अंत्ययात्रेची दृश्यंही कथेत वापरून टाकली. कथा कच्ची असणं वेगळं आणि काळीज कच्चं असणं वेगळं.

एवढं सगळं मान्य करूनही रात्री अकराला चॅनल बदलताना यातला एखादा सिनेमा लागला की माणूस रिमोट खाली ठेवतो. उद्या लवकर उठायचंय हे माहीत असून ठेवतो. याचं कारण शोधायला परत त्या रांगेपाशी जावं लागतं.

रांगेतल्या माणसाकडे कुणी बघत नाही. पण नायकाच्या ठोशाला वजन येतं ते खाणाऱ्यामुळे. हवेतल्या हवेत अंग पिळून, टेबलाची कड चुकवून, कॅमेऱ्याकडे तोंड राहील असं पडणं ही सोपी गोष्ट नाही. मारणारा थोडा चुकला तरी चालतं, पडणारा चुकला तर दवाखाना. आणि म्हणूनच ते एकेक येतात. चाळीस जण एकदम आले तर दिसेल ती गर्दी. एकेक आला तरच कला दिसते. ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये तळघरातल्या मारामारीत ब्रूस ली एका पोराला केसांना धरून त्याची मान मोडतो. तो पोरगा म्हणजे जॅकी चॅन. त्याच सिनेमाच्या सुरुवातीला लीशी झुंजणारा गुबगुबीत पहिलवान म्हणजे सामो हंग. लीच्या कोलांटउड्या त्याच्या बदली मारणारा युएन वा. तिघेही पुढे नाव कमावून बसले. ज्या रांगेला आपण हसतो, तिच्यातच पुढच्या काळातले नायक उभे होते, आणि त्यांनी मार खाण्यात उमेदवारी केली होती.

हे तिघेही यू जिम-युएन नावाच्या गुरूच्या शाळेतले. ती शाळा पेकिंग ऑपेराची. आईबापांनी करारावर सही करून पोर तिथे सोडायचं आणि त्याने वर्षानुवर्षं पहाटेपासून रात्रीपर्यंत गाणं, अभिनय, कोलांट्या आणि वेताच्या छड्या हे सगळे विषय घ्यायचे. पेकिंग ऑपेरातली लढाई झांजा आणि ढोलांच्या ठेक्यावर चालते. दोन वार, एक थांबा, तीन वार, आणि मग समेवर यावं तशी एक ऐटीतली मुद्रा. सामो हंग किंवा जॅकी चॅनची मारामारी डोळे मिटून नुसती ऐकून बघा. ठेका लागतो.

आणि इथे मराठी माणसाला ओळख पटायला हवी. हे आपलं संगीत नाटक आहे! ‘संगीत सौभद्र’ घ्या. अर्जुन भगवी वस्त्रं नेसून संन्यासी होतो आणि बलरामासकट बहुतेकांना तो खराच यती वाटतो. या कथानकाबद्दल आपण कधी तक्रार केली का? कथानक हवं ते दोन पदांच्या मधे गवयाला दम खायला वेळ मिळावा म्हणून. बालगंधर्वांच्या पदाला वन्समोअर मिळाला की नाटकातला प्रसंग कितीही निकराचा असो, तो हात बांधून उभा राही. कुंगफूच्या सिनेमात खून झालेला गुरू नेमकं हेच काम करतो. तो पेटीवरचा पहिला सूर देतो आणि बाजूला होतो.

घराण्यांचंही तेच. दिग्दर्शक लाउ कार-ल्युंग यांच्या वडिलांचा गुरू लाम साइ-विंग आणि त्याचा गुरू वाँग फेइ-हंग. हा वाँग खराखुरा माणूस होता, वैद्य आणि मल्लविद्येचा उस्ताद. पडद्यावर तो इतका गाजला की 1949 पासून क्वान टाक-हिंग या एकाच नटाने सत्तरहून अधिक सिनेमांत त्याचं काम केलं. आपल्याकडे सात भाग झाले की मालिकेला पाणी घातलं म्हणतात. अशा परंपरेतले लाउ कार-ल्युंग हातवारे शिकवत, ते तीन पिढ्यांची तालीम सांगत.

या गृहस्थांनीच 1978 साली ‘द थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ काढला. माझ्या मते गुणांच्या बाजूला हा एकच सिनेमा टाकला तरी पारडं खाली जातं. जुलमी मांचू अंमलात मित्र आणि आप्त गमावलेला एक विद्यार्थी शाओलिनच्या मठात येऊन शिकायचं म्हणतो, आणि मधला मोठा तुकडा तो नुसता शिकतो. जेवणघराच्या वाटेवर पाणी, पाण्यात तरंगता ओंडक्यांचा भारा. त्यावर पाय देऊन पलीकडे गेलात तर जेवण, पडलात तर उपास. मग दोन्ही हात आडवे ताणून पाण्याच्या बादल्या वाहायच्या. हात दमून खाली आले की दंडाला बांधलेली पाती कुशीत रुततात. मग मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी ज्योतीचा झोका पकडायचा. मग डोक्याने वाळूच्या पिशव्यांना धडका. एक खोली झाली की पुढची, अशा पस्तीस. हिंदी सिनेमात नायक एका गाण्यात पैलवान होतो. पहिल्या कडव्यात दमलेला, दुसऱ्यात दंड फुगलेले. इथे नायक झालेला गॉर्डन लिउ पाण्यात पडतो, उपाशी झोपतो, परत पडतो आणि आपण श्वास रोखून बघतो. रियाझ ही बघण्यासारखी गोष्ट आहे असं मानणारा लोकप्रिय सिनेमा मला दुसरा माहीत नाही. शिकून झाल्यावर हा पठ्ठ्या सूड घ्यायला जातोच, पण महंतांकडे मागणी करतो ती छत्तिसाव्या खोलीची, बाहेरच्या सामान्य माणसांना शिकवायच्या वर्गाची. ज्ञान घराण्यात कोंडून ठेवू नका, हे म्हणायला त्याला मठातून हाकलून घ्यावं लागतं. आपल्या काही बुवांनी हा सिनेमा बघायला हवा होता.

अमेरिकेने हीच शिकवण 1984 च्या ‘कराटे किड’मध्ये सौम्य करून दिली. म्हातारे मियागी पोराकडून गाड्या पुसून घेतात, कुंपण रंगवून घेतात, फरशी घासून घेतात. आणि तेच कराटे निघतं. आमच्या पिढीतल्या पोरांनी हा सिनेमा बघून बापाला विचारलं की रविवारी स्कूटर पुसायला लावता, त्यामागे काही गुप्त विद्या आहे का. नव्हती. स्कूटर मळली होती, एवढंच.

त्या काळात गल्लोगल्ली कराटेचे क्लास निघाले. शाळेच्या मैदानावर संध्याकाळी पांढऱ्या कपड्यांतली पोरं ओळीने ‘हा!’ ओरडत आणि शेजारच्या आज्या दचकत. झाडूच्या दांड्याचे दोन तुकडे नि मधे सायकलची चेन, असा नानचाकू घरोघरी तयार झाला. त्याने शत्रू कुणाचा पडला नाही. ट्यूबलाइटी मात्र पडल्या. कोल्हापुरात दांडपट्टा फिरवणारे मर्दानी खेळाचे वस्ताद तेव्हाही होते, आजही आहेत. पण त्यांना एक लाउ कार-ल्युंग मिळाला नाही, जो म्हणेल की कथा राहू दे, आधी वस्तादांना पाच मिनिटं सबंध पट्टा फिरवू द्या आणि कॅमेरा मागे घ्या.

कॅमेरा मागे घेणं, ही गोष्ट दिसते त्याहून मोठी आहे. हाँगकाँगच्या चांगल्या मारामारीत माणूस डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत दिसतो, कारण त्याला खरंच येत असतं. ज्याला येत नाही त्याच्या नाकाचं, मुठीचं, बुटाचं वेगवेगळं चित्र घेऊन गोधडी शिवावी लागते. ‘टेकन 3’मध्ये लियाम नीसन एक कुंपण चढतो, तर त्यात डझनाच्या वर तुकडे आहेत. माणूस कुंपण चढला की कुंपण माणसावर, कळत नाही. उलट इंडोनेशियाचा ‘द रेड’ (2011) बघा. एका इमारतीत पोलीस अडकलेत, वर गुंडांचा सरदार, कथा संपली. पण नायक इको उवाइस सिलाट ही तिथली युद्धविद्या खेळायला लागला की त्याची टाच कुठून निघाली नि कुठे पोचली याचा पत्ता लागतो. आपणही नकळत कोचावर पाय आखडून घेतो.

बायकांच्या बाबतीतही हा पंथ वाटतो तितका मागासलेला नाही. मारली गेलेली बहीण हे पात्र कथेला लागतंच, त्याला इलाज नाही. पण किंग हू यांच्या ‘कम ड्रिंक विथ मी’मध्ये 1966 साली चेंग पेइ-पेइ खानावळीत शांत बसून गुंडांच्या टोळीची रग जिरवत होती. ‘पोलीस स्टोरी 3’ (1992) मध्ये मिशेल यो मोटारसायकलवरून धावत्या आगगाडीच्या टपावर उडी घेते, स्वतः. त्या वर्षी आपली नायिका बर्फात शिफॉन नेसून नाचत होती. धैर्य त्यालाही लागतं, पण वेगळं.

आता जॅकी चॅन. ‘प्रोजेक्ट ए’ (1983) मध्ये तो घड्याळाच्या मनोऱ्यावरून खाली येतो, कापडी छपरं फाडत थेट जमिनीवर. ‘पोलीस स्टोरी’ (1985) मध्ये मॉलमधल्या उंच खांबावरून, लुकलुकत्या दिव्यांच्या माळा ओरबाडत घसरतो आणि हात भाजून घेतो. सिनेमा संपला की श्रेयनामावलीबरोबर फसलेले प्रयत्न दाखवतो. कुठे पडला, कुठे आपटला, कुणी स्ट्रेचर आणलं. सुपरस्टार आपली फजिती तिकिटाच्या पैशांत फुकट दाखवतो, हे आपल्याकडे कल्पनेतही बसत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. मनोऱ्यावरची ती उडी सिनेमात लागोपाठ दोनदा दिसते. खांबावरून घसरणं तर तीनदा, वेगवेगळ्या बाजूंनी. 2003 साली थायलंडमधून ‘ओंग-बाक’ आला. त्यातही नायक टोनी जाची उडी चांगली बसली की दिग्दर्शक तीच परत दाखवतो, सावकाश. कथेत माणूस एकदाच पडतो, पडद्यावर तीनदा. खलनायक खाली पळायच्या पवित्र्यात थांबलाय, पोलीस थांबलेत, काळ थांबलाय. कुणी मागायच्या आत दिग्दर्शकाने स्वतःहून वन्समोअर दिलेला असतो.

तेव्हा या सिनेमांचा हिशेब मांडायचाच तर असा मांडावा. कथेला पस्तीस गुण, तेही घासून. तर्काला शून्य, आवाजाला शिस्तभंगाची नोटीस. अंगमेहनतीला पैकीच्या पैकी, आणि त्यात खाडाखोड चालणार नाही, कारण रडणं खोटं रडता येतं, खांबावरून घसरणं खोटं घसरता येत नाही. आणि तरीही ‘पण गुंड एकदम का धावून येत नाहीत?’ असं विचारून कुणी नाक मुरडलंच, तर त्याला पुढच्या वेळी ‘सौभद्रा’ला घेऊन जावं. अर्जुन ऐन सुभद्राहरणाच्या गडबडीत ताना का घेतोय, असं त्याने तिथे मोठ्याने विचारावं. पुढचं काम प्रेक्षक करतील. एकेक करून.